अमडापूरच्या सभेचा फोटो

बुलडाणा,
३ ऑक्टोबर १९७१

प्रिय शेषा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू क्षणभर थांबला असशील, हे मला इथे बसून दिसतं आहे. पाठवणाऱ्याचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. तुला त्याची गरज नाही, आणि अमडापूरच्या पोस्टमनने ते पारावर मोठ्याने वाचावं अशी माझी इच्छा नव्हती. सहा वर्षांत तुझ्या सत्यभामेच्या पत्रांना मी उत्तरं दिली, तुझ्या मुलीच्या लग्नात आहेर पाठवला, पण तुझ्या नावाने एक ओळ लिहिली नाही. आज सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा. यात कितीही खाडाखोड झाली तरी आता हाच पाठवणार आहे.

आमचं बरं चाललं आहे. यांचा डावा गुडघा थंडी सुरू व्हायच्या आधीच कुरकुरायला लागतो. अंगणातल्या सीताफळाला यंदा फळ चांगलं धरलं आहे. हे रोज काठीने फांद्या बाजूला करून डोळे उघडलेली फळं मोजतात आणि आत येऊन मला सांगतात. तालुक्याचे तरुण वकील कधी सल्ला विचारायला येतात. त्यांना हे कायदा कमी आणि दावा लिहिताना वाक्य कसं छोटं ठेवावं ते जास्त शिकवतात. गावात अजून सगळे यांना जजसाहेबच म्हणतात. परवा बाजारात जनकाबाई भाजीवाली म्हणाली, "जजसाहेब, वांगे घ्या, काटेरी हायेत, गोड लागतीन." हे म्हणाले, "बाई, मी जज नाही आता." तर ती म्हणते, "मंग का झालं? माह्या सासऱ्याची पाटीलकी कधीची गेली, लोकं त्यायले अजून पाटीलच म्हंतात." हे हसले. पण घरी येईपर्यंत माझ्या पुढेच चालत राहिले. पिशवी मीच धरली होती.

तुला आठवतं का, मी कॉन्व्हेंटमधून सुटीला आले की तुला पडवीत बसवून इंग्रजी अक्षरं गिरवायला लावायची? मी पंधरा-सोळा वर्षांची, तू पाच-सहाचा. तुझ्या पाटीवर मी आधी फिकट अक्षर काढायचे आणि तू त्यावरून पेन्सिल फिरवायचास. एफ अक्षराची खालची शेपटी मी थोडी लांब ओढते, तशीच तूही ओढायला लागलास, आणि पुढे चिखलीच्या मास्तरांनी त्यासाठी तुझ्या बोटांवर रूळ मारला. बाबांनी मला नागपूरला पाठवलं तेव्हा अमडापुरात लोक म्हणाले होते, पोरगी किरिस्ताव होऊन येईल. किरिस्ताव झाले नाही, पण मदर अगाथाच्या काही सवयी मात्र हाडात बसल्या. विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, ही एक. आणि दुसरी फोटोंची. त्या म्हणायच्या, फोटोच्या मागे तारीख, गाव, प्रसंग आणि माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहिल्याशिवाय तो अल्बममध्ये लावायचा नाही. नाहीतर पन्नास वर्षांनी त्यातली माणसं अनाथ होतात.

म्हणून तू अकोल्याहून तो डबा कॅमेरा आणलास तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. तू फोटो काढायचास, एक प्रत मला धाडायचास आणि मी मागे सगळं लिहून काळ्या कागदी कोपऱ्यांत बसवून ठेवायचे. आईचा पापड वाळवतानाचा, बैलांच्या शिंगांना रंग देतानाचा, देवीच्या टेकडीवरून काढलेला सबंध गावाचा. तू एकाही फोटोत नाहीस. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हाती देईनास.

सत्तावन सालचा जानेवारी. तेव्हा वेगळ्या विदर्भाच्या पायी तुझा घसा कायम बसलेला असायचा. अमडापूरच्या बाजारात सभा ठेवली होतीस आणि दोन तट पडून दगडफेक होईल अशी कुणकुण होती. हे तेव्हा इथे वकिली करत होते. कुठल्याच पक्षात नव्हते, सभेला जायला तर बिलकुल तयार नव्हते. तू आमच्या ओसरीवर बसून राहिलास. "भाऊजी, तुमी नुसते खुर्चीवर बसा. दोन्हीकडचे लोक तुमाले मानतात. तुमी बसले की दगड पडत नाई." हे तुला नाही म्हणू शकले नाहीत. दहा मिनिटं बोलले. वेगळे राहा नाहीतर एकत्र राहा, पण उद्या सकाळी याच बाजारात एकमेकांकडून मिरची घ्यायची आहे हे विसरू नका, एवढंच सांगितलं. दगड पडला नाही. तू बैलगाडीवर चढून फोटो काढलास. मधोमध हे, गळ्यात हार, आणि डोक्यावरच्या कापडावर हातभर अक्षरांत वेगळ्या विदर्भाची घोषणा.

पुढे महाराष्ट्र झाला. तू सरकारपक्षात गेलास, बासष्ट साली आमदार झालास. कितीतरी जण गेले; त्यात मला कधी दोष दिसला नाही. आणि त्रेसष्टच्या डिसेंबरात यांना हायकोर्टात जज नेमल्याचं पत्र आलं, आम्ही नागपूरच्या बंगल्यात राहायला गेलो, तेव्हा पेढे घेऊन पहिला तूच आलास. बंगल्याच्या फाटकावरच्या शिपायाने तुला अडवलं तर म्हणालास, "अरे, जज माहा भाऊजी हाय, पन मी काई खटला घेऊन नाई आलो!" मला वाटलं होतं, आपल्या घरात आता एवढं सुख आहे की जपून चालायला हवं.

दोन वर्षांची नेमणूक. त्यानंतर मुख्य न्यायाधीशांनी शिफारस करायची, मुंबईच्या सरकारने होकार द्यायचा, दिल्लीने शिक्का मारायचा, मग माणूस कायम. शिफारस झाली. ती करताना कुणी काही राखून ठेवलं नव्हतं. पण त्या दोन वर्षांत यांनी एका नगरपालिकेची बरखास्ती रद्द ठरवली, तेव्हा तुमचा पक्ष म्हणाला हा माणूस विरोधकांचा. महिन्याभराने विरोधकांच्या एका पुढाऱ्याचा अर्ज फेटाळला, तेव्हा ते म्हणाले, मेहुणा आमदार आहे, दुसरं काय होणार! मग चौकशीला सुरुवात झाली. यांनी दिलेले निकाल कुणी वाचले नाहीत. यांच्या लग्नाला कोण आलं होतं, ते विचारत फिरले. चिखलीच्या हॉटेलात चहाबरोबर यांचं नाव निघायचं. इथल्या विश्रामगृहात तुमच्या पक्षाची सात माणसं बसली आणि यांना कायम करावं की नाही यावर दिवसभर बोलली. ज्याची सुनावणी तो हजर नाही, साक्षीदार नाही, चहा मात्र तीनदा आला, असं तूच येऊन सांगितलंस. जिल्ह्याचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले होते, "मानूस चांगला हाय हो, पन आपला हाय का?" तू विचारलंस, "जज कोनाचा असते का, काका?" तर म्हणाले, "मंग त्याले बनवाचं कायले?" तेव्हा आपण तिघंही हसलो होतो, शेषा. हे सगळ्यात जास्त.

पासष्टच्या डिसेंबरात मुदत संपली. मुंबईचा होकार आलाच नाही. नकारही आला नाही. एका तारखेनंतर कोर्टात जायचं नाही, एवढंच. यांनी त्या संध्याकाळी काळा झगा स्वतः घडी करून पेटीत ठेवला. मला हात लावू दिला नाही. वकिलाचा कोट घालून त्याच कोर्टात, कालच्या सहकाऱ्यांपुढे उभं राहणं यांना जमणार नव्हतं. बावन्न वर्षं टिकलेलं नाव होतं, आणि ते आता इकडचं की तिकडचं अशा प्रश्नासकट परत मिळालं होतं. पुढे आठवड्याभराने सचिवालयातल्या एका जुन्या वर्गमित्राने यांना सांगितलं की इतर सगळ्या कागदांनी काही झालं नसतं. फाइलीत एक फोटो आला होता. वेगळ्या विदर्भाच्या सभेत हारबीर घालून बसलेला.

संक्रांतीला तू आलास. आमची निम्मी भांडी गोणपाटात बांधून झाली होती. पितळी डब्यात सत्यभामेने केलेल्या तिळाच्या वड्या होत्या. हे दारात उभे होते. यांनी तुला आत ये म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "तो फोटो तुमचाच ना, शेषराव?" यांनी तुला अहो म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तू यांच्याकडे पाहिलं नाहीस. यांच्या खांद्यावरून मागे पाहिलंस. मागे मी उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. मग म्हणालास, "हाव भाऊजी. माह्याच कॅमेऱ्यातला हाय." डबा ओट्यावर ठेवलास आणि फाटकातून निघून गेलास. मी पाणीही दिलं नाही.

आता ते लिहिते, ज्यासाठी तीन कागद फाडले.

पासष्टच्या मे महिन्यात मी एकटीच इथे, बुलडाण्याला आले होते, घर उघडून झाडलोट करायला. दुपारी एक माणूस दारात आला. टोपी, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "बाईसाहेब, मी मोतीराम. उंद्रीचा. तुमच्या माहेराच्या शेजारचा." उंद्रीचा म्हटल्यावर मी त्याला पाटावर बसवलं. पन्हं दिलं. कुठल्या विहिरीला यंदा पाणी आहे, देवीच्या जत्रेला किती माणूस आलं, हे सगळं विचारलं. माहेरच्या बाजूचा माणूस दारी आला की मला काय होतं तुला ठाऊक आहे. मग तो म्हणाला, "साहेब पर्मनंट होऊन राह्यले ना, तेचा कागद पूरा कराचा हाय. साहेबाचा एखांदा फोटू पाहिजे होता." तो सरकारी चौकशीचा माणूस आहे, एवढं त्याने लपवलं नव्हतं. मला वाटलं, नेमणुकीच्या कागदाला फोटो लागत असेल. मी अल्बम आणून त्याच्या मांडीवर ठेवला. पाहुण्यापुढे अल्बम ठेवायची माझी सवय. एकेक पान उलटत, हा कुठला, तो कधीचा, सगळं मीच सांगत होते. बाजारातल्या सभेच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं. "हा लय झ्याक हाय. साहेब मोठ्या सभेत बसेल दिसतात. आनखी काई फोटू नाई लागत मंग." मला अभिमान वाटला, शेषा! मीच कोपऱ्यांतून तो अलगद काढला आणि त्याच्या हातात दिला. मागे माझ्या अक्षरात सगळं होतंच. तारीख, अमडापूर, वेगळ्या विदर्भाची सभा, मध्यभागी अध्यक्ष, आणि पुढे यांचं पूर्ण नाव. त्या बिचाऱ्याला काही शोधायचं राहिलंच नाही. जाताना तो माझ्या पाया पडला.

फाइलीतल्या फोटोबद्दल यांनी सांगितलं त्याच क्षणी मला कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. पण यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, आज नको, उद्या. तो उद्या उजाडला तर हे म्हणाले, "कॅमेरा एकाचाच होता." मग संक्रांत झाली. इथे परत आल्यावर मी अल्बममधली ती रिकामी जागा पाहिली आणि तिथे आईचा फोटो लावला. तो आकाराने लहान आहे, कोपऱ्यांत नीट बसत नाही, म्हणून खळ लावून चिकटवला. आईला मी माझ्या खोटेपणावर झाकण म्हणून ठेवलं. सदुसष्टला तुझं तिकीट कापलं गेलं तेव्हा हे म्हणाले, "पक्षाला तरी कळलं, कसा माणूस आहे." आणि मी मान हलवली. तेवढी मान हलवलेली मला आजवर सोडत नाही. पाच भाऊबीजा गेल्या. मी चंद्राला ओवाळत आले.

गेल्या मंगळवारी पुंजाजी आला होता. तुझ्या आमदारकीच्या काळात तुझी बॅग घेऊन मुंबईला जायचा तो. बांधाच्या भांडणात यांचा सल्ला हवा होता. हे बाहेर गेले होते, म्हणून मी त्याला चहा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, शेषाने राजकारण सोडलं ते बरंच झालं. पुंजाजीने कपबशी खाली ठेवली. "सोडलं? बाई, भाऊचं तिकीट कायच्यानं गेलं, तुमाले ठावकंच नाई?" मग त्याने सांगितलं. पासष्टच्या दिवाळीनंतर पक्षाच्या वरच्या लोकांनी तुला मुंबईला बोलावलं होतं. पुंजाजी दारातच बॅग धरून उभा होता. टेबलावर तो फोटो ठेवून तुला विचारलं, हे तुमचेच मेहुणे का. तू फोटो उचललास, उलटा केलास, मागचं वाचलंस, पुन्हा सुलटा केलास आणि त्यावर पंजा ठेवलास. म्हणालास, "सभा म्या भरवली होती. भाऊजी येत नव्हते, म्या ओढून नेलं. फोटूबी म्याच काढला. म्हनून त्यात मी दिसत नाई. काई कराचं असंन तर माहं करा." ते म्हणाले, तुमचंही पाहू. दोघांचंही पाहिलं त्यांनी. पुंजाजी म्हणाला, "फोटू भाऊनं टेबलावर परत ठेवलाच नाई, बाई. खिशात घातला. अजून पाकिटात बाळगते. म्या एकडाव इचारलं, काऊन ठेवता हो हे? तर म्हने, मांगं एकाचं अक्षर हाय, ते भाऊजींच्या नजरेले पडू नाई."

म्हणजे त्या संक्रांतीला दारात उभा राहिलास तेव्हा फोटो तुझ्या खिशात होता. उलटा करून दाखवला असतास तर सुटला असतास.

मी यांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. यांनी दोन दिवस जेवण ताटात जेमतेम चिवडलं. मी दिलेल्या चहाला हात लावायचे आणि तो तसाच गार व्हायचा. मला वाटलं, या वयात आता हे घरही गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे खिडकीशी अल्बम घेऊन बसलेले. ओल्या फडक्याने खळ भिजवून आईचा फोटो सोडवत होते, जराही न फाटता. तो मागच्या पानावर, आईच्या जागी नेऊन ठेवला. चार काळे कोपरे तसेच मोकळे ठेवले. मग चष्मा काढून म्हणाले, "त्या उकंडरावांनी विचारलं होतं ना, माणूस आपला आहे का. मीही सहा वर्षं तेवढंच विचारत बसलो." चष्मा परत लावून म्हणाले, "शेषाला लिही." शेषाला म्हणाले, शेषरावांना नाही.

म्हणून हे पत्र. क्षमा मागण्यापुरतं लिहिलं असतं तर ते तिसऱ्या कागदावरच संपलं असतं. भाऊबीजेला ये. हे स्टँडवर येणार म्हणतात, गुडघा असा असताना; तेव्हा सकाळच्या एस.टी.ने ये, यांना फार वेळ उभं ठेवू नकोस. तुझा पितळी डबा माझ्याकडे आहे, रिकामा परत करायचा नाही म्हणून राहिला. तो भरून ठेवते. पाकिटातला फोटो आण, यांनी तो माझ्या अक्षरासकट पाहायचा आहे आणि मग त्याच्या जागी बसवायचा आहे. आणि तो कॅमेरा माळ्यावर कुठे पडला असेल तर पुसून घेऊन ये. समोरच्या रंगरावांना फोटो काढता येतो. या वेळी तू आमच्यात बसायचंस, मधोमध. मागे तारीख, गाव आणि डावीकडून तिघांची नावं मी लिहीन. येणार नसशील तर कार्ड नको टाकूस. यांना मी सांगेन, एस.टी. चुकली असेल. एक खोटं मला अजून बोलता येईल.

अजूनही तुझीच, तू मानशील तर,
बाई